भाताच्या लावणीनं बिघडलेला स्फटिक

थांबा, हे आत्ताच सांगतो, न्हाईतर माझ्या पोटात ऱ्हायचं न्हाई.

धारवाडला एमेस्सी करून मी जोयड्याला पीयूसीच्या, म्हंजे अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवायला नुकताच लागलो होतो. सगळ्या कॉलेजात मिळून कॉम्प्युटर एकच, आन त्याच्यासाठी मी एक फ्लॉपी घेऊन आलेलो. त्यातला प्रोग्रॅम लई भारी! पडद्यावर डावीकडं आखलेल्या घरांत आपण एकेक अणू ठेवायचा. बटण दाबलं की त्यांच्यावर एक्स-रे सोडल्यावर कसे ठिपके उमटतील ते उजवीकडं दिसायचं. अणू शिस्तीत बसलेले असले, म्हंजे स्फटिक असला, की ठिपके टकटकीत. ठिपक्यांवरनं आतली मांडणी ओळखायची, धडा एवढाच.

वर्गात बाजारकुणंग गावची एक पोरगी होती. फळ्यावर काढलेलं तिला काही केल्या कळेना. "सर, सोमवारी मी आर्ट्सला जाते," असं सांगूनच टाकलेलं तिनं. म्हणजे माझ्या हातात शनिवारचा हा एकच तास!

तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "सोपं हाय. भाताची रोपं लावता न्हवं, तसे अणू लाव."

तिनं पटापट लावले. बटण दाबलं. उजवीकडं नुसतं धुकं!

"सर, हिचं शेत व्हावून गेलं," मागनं एकजण ओरडला.

"गप रे. तुला चिखलात उभं तरी ऱ्हायला येतंय काय?" ती मागं वळून म्हणाली.

मी फ्लॉपी काढली, फुंकर मारली, परत घातली. पुन्हा धुकंच.

पोरगीनं माझ्याकडं बघितलं. "सर, तुम्ही कधी लावणी केलीय काय?"

"न्हाई." आमचं रामनगरला दुकान. लावणी मी एसटीच्या खिडकीतनं बघितलेली.

"भात कोण दोरी धरून लावतंय? हाताला येईल तिथं खुपसायचं. दोरी सुपारीची रोपं लावताना!"

आन मी काय बोलायच्या आत तिनं सगळं पुसलं, घरं मोजून सारख्या अंतरावर अणू बसवले. बटण. टकटकीत ठिपके!

मग तिनं आपणहून अणू जवळ-जवळ आणले. ठिपके एकमेकांपासनं लांब गेले.

"आत जवळ, तर भाईर लांब? उलटंच हाय की!"

हे मी पुढच्या महिन्यात शिकवणार होतो हो!

घंटा झाली तरी ती उठेना. "सर, सोमवारी मिठाच्या स्फटिकाचं करूया?"

"व्हय व्हय," मी इतक्या जोरात म्हटलं की सगळी पोरं हसली.

तुमचं चुकीचं उदाहरण कुणी असं दुरुस्त केलंय काय? सांगा की!