नकाशात नदीकाठचा रस्ता होता

माझी मुलगी इंग्लंडात, यॉर्कला शिकायला गेली ती माझ्या हट्टाने. तिला इथेच, बेंगळुरूतच पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. पण प्रवेश नक्की होण्याआधीच मी चामराजपेटेतल्या सगळ्या नातेवाइकांना सांगून मोकळा झालो. मग तिला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

डिसेंबरात ती फोनवर कमी बोलू लागली. सुट्टी लागली होती, बरोबरच्या मुली आपापल्या घरी गेल्या होत्या. बाहेर गेली होतीस का, विचारलं की ‘नाही’. एकदा व्हिडिओवर तिच्या मागची खिडकी दिसली. भरदिवसा पडदा ओढलेला होता. बायकोनेही तो पाहिला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

तिला चालायला लावावं, एवढंच मला सुचलं. यॉर्कभोवती जुना तट आहे आणि त्याच्यावरून चालत गावाला जवळजवळ पूर्ण फेरी मारता येते. शिवाय नदीकाठच्या वाटा आहेत, घरांमधले अरुंद बोळ आहेत. नेटवर या वाटांचे नकाशे मिळाले. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते पाठ करू लागलो. ज्या गावात कधी पाऊल टाकलं नाही, त्याच्या वेशी मला क्रमाने म्हणता येऊ लागल्या.

“रविवारी तू चाल, मी फोनवर रस्ता सांगतो,” मी तिला म्हणालो.

“आणि तुम्ही? सोफ्यावरून? कोथिंबीर आणायलाही स्कूटर काढता अप्पा तुम्ही.”

“बरं, मीपण चालतो.”

“चिकपेटेच्या बाजारापर्यंत. आणि येताना मेट्रो नाही.”

“सरी, ठीक आहे,” मी म्हटलं. हरल्यासारखं दाखवलं, पण आत कुठेतरी सुटल्यासारखं झालं. कितीतरी दिवसांनी ती मला टोमणा मारत होती.

इथे दुपार कलली की तिथे सकाळ चांगली वर आलेली असते. पहिल्या रविवारी मी दारात चपला घालत, कानात इअरफोन खुपसून सांगत होतो, “पुट्टी, बाळा, आता उजवीकडे जिना दिसेल, त्या बारवर चढ.” बायको आतून धावत आली. “दिवसाढवळ्या कसल्या बारवर चढवताय मुलीला?”

“अगं, तिथे वेशीला बार म्हणतात.”

“हे चामराजपेटेतल्या तुमच्या काकूला समजावून सांगा, मग बघू.”

फोनमध्ये मुलगी हसली. तटावर चढल्यावर म्हणाली, “आतल्या बाजूला कठडाच नाही अप्पा. आणि समोरून कुणी आलं की दोघंही सॉरी म्हणून थांबतात. कुणी पुढेच जात नाही.” नेमकं तेव्हाच माझ्या मागून एक हातगाडीवाला “साइड बिडी, अण्णा!”, बाजूला व्हा, असं ओरडला. ती म्हणाली, “हा माणूस इकडे पाठवून द्या.”

असे काही रविवार बरे गेले. ती तटावर, मी मार्केटच्या गर्दीत. रस्ता सांगताना मला आपण काहीतरी भरून काढतोय असं वाटायचं. म्हणून मी जास्तच सांगायचो. इथे थांब, तिथे वर बघ, आता परत फिर.

जानेवारीतल्या एका रविवारी मी नदीकाठाचा रस्ता ठरवला. दक्षिणेकडे जायचं, पूल ओलांडायचा, पलीकडच्या काठाने परत यायचं. मी चिकपेटेत साड्यांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत होतो. ती म्हणाली, “इथे रस्ता नाहीये.”

“आहे. झाडांच्या रांगेतून सरळ जातो.”

“अप्पा, पाणी आलंय. बाकं निम्मी बुडालीत.”

“मग जरा कडेने जाऊन बघ ना. नकाशात...”

“नकाशात असेल! मी इथे उभी आहे, तुम्ही नाही!” तिचा आवाज फाटला. “तुम्ही तिथे बसून ठरवता आणि मी इथे येऊन राहते. कायम असंच.”

मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. ती वाटेबद्दल बोलत नव्हती, हे मला कळत होतं. पुष्कळ दिवस तोंडाशी येऊन मागे फिरलेलं वाक्य मी शेवटी बोललो. “तुला परत यायचं असेल तर ये. लोकांना काय सांगायचं ते मी बघीन. मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.”

मग ती म्हणाली, “ते आत्ता नको. आत्ता फक्त कुठे वळायचं ते सांगू नका.”

“नाही सांगत.”

“फोन ठेवूही नका.”

तिची पावलं ऐकू येत होती, आधी चिखलातली, मग कोरड्या फरशीवरची. मग तिने कुणाला तरी इंग्रजीत वाट विचारली. एका बाईने उत्तर दिलं, भराभर, मला निम्मंही कळलं नाही. मुलीने पुन्हा काही विचारलं आणि दोघी हसल्या. तिथल्या कुणाशी तरी ती बोलतेय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या दोघी बरोबरच चालू लागल्या. मी तसाच फोन कानाशी धरून बसलो. शेजारचा दुकानदार विचारून गेला, “एन् सार, काय झालं? तब्येत बरी आहे ना?”

ती बाई दर पंधरवड्याला काहीजणांबरोबर गावाबाहेरच्या टेकड्यांवर चालायला जाते, असं मुलीने नंतर सांगितलं. या रविवारी तीही जाणार आहे. काल तिने दुकानातून व्हिडिओ लावून बूट दाखवले. आईला विचारलं, हे की ते? मला विचारलं नाही. मला आनंद झाला.

“तिथे रेंज नसते,” ती म्हणाली. “फोन येणार नाही. घाबरू नका.”

“आणि परत येण्याचं?” मी विचारलं.

“अजून ठरवलं नाही अप्पा. ठरवीन मी.”

“सरी,” मी म्हणालो, आणि कोणता डोंगर, हे विचारायचं टाळलं.