न पुसलेली बंदूक

पलूस भागातली ती वरात आणि ती बारा बोअरची बंदूक मी निवृत्तीनंतरही विसरलेलो नाही.

दुपारी ठाण्यात बँडमास्तरचा फोन आला. "साहेब, वरातीत बार काढला. छर्रा आमच्या सनईवाल्याच्या कानाला चाटून गेला. लय रगात हाय." वरातीतल्या असल्या मर्दुमकीची मला मनापासून चीड. दोन शिपाई घेऊन तडक निघालो.

बंदूक नवरीच्या वडिलांची होती. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले; त्याच बंदुकीच्या परवान्यावर एका बँकेत सुरक्षारक्षक. परवाना गेला की नोकरी गेली, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी पंचांसमोर छाती काढून म्हणाले, "मीच बार काढला, साहेब. लिवून घ्या."

पंचनाम्यासाठी बंदूक उघडली. नळीत काजळी तशीच. बार काढल्यावर फौजी माणूस जेवायला बसायच्या आधी नळी पुसतो, हे मी या भागात कित्येक घरी पाहिलेलं. इथे तर बंदूक कपाटात कशीतरी कोंबलेली होती.

ठाण्यात त्यांना चहा दिला आणि विचारलं, "सुभेदार, बार काढून न पुसता बंदूक कधी ठेवलीत?"

"कवाच न्हाई."

"मग आज?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. मी पुन्हा विचारलं, "सीमेवर कुणी तुमची बंदूक मागितली असती तर दिली असती?"

त्यांनी कप खाली ठेवला. "थोरल्या जावयानं मागितली, साहेब. भर वरातीत जावयाला न्हाई कसं म्हणायचं? लेक त्याच्या घरी नांदतीया."

"आणि सनईवाल्याचा डोळा गेला असता तर?"

जबाबाचा कागद माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "खरं लिवा. माझी चूकबी लिवा."

गुन्हा जावयावर दाखल झाला आणि बंदूक दुसऱ्याच्या हाती दिली म्हणून सुभेदारांवरही. कोर्टात दोघांनी कबुली दिली. परवाना रद्द झाला, नोकरी गेली, बंदूक सरकारजमा करण्याचा हुकूम आला. मला वाईट वाटलं. पण जबाबातला एक शब्दही मी सैल केला नाही, याचा आजही अभिमान आहे.

बंदूक पाठवायच्या दिवशी सुभेदार ठाण्यात आले. सोबत थोरली लेक.

"साहेब, एकदा साफ करून द्यू का?"

खटला संपला होता. मी बंदूक त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी खिशातून चिंधी काढली, नळी पुसली, उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा पुसली.

लेक रडत म्हणाली, "आवं आबा, माझ्यापायी गेलं सगळं."

"न्हाई गं. म्या हातानं दिली, म्हणून गेली."

शिक्षा म्हणून माणसाकडची वस्तू काढून घेण्याचं काम मी नोकरीभर केलं. ती स्वतःच्या हातानं स्वच्छ करून देणारा माणूस मला एकच भेटला. सुभेदार सलाम करायला उठले, त्याआधी माझाच हात सलामाला वर गेला होता.