हिराजीची थंडीची खोली

कोल्हापूरहून पहाटेच्या बसने निघालो, तेव्हा पिशवीत गुळाची एक ढेप होती आणि बाटलीचं बूच काढायचा जुना इटालियन स्क्रू होता. बायकोने स्क्रू बघितला आणि म्हणाली, "एक घोट दारू प्यायला नवी मुंबईला निघालाय? गल्लीच्या टोकाला काय कमी हाय व्हय?"

"ही वीस वर्षं मुरलेली आहे," मी म्हटलं.

"तुमीबी मुरलाय की. कोण विचारतंय?"

मी पिशवी खांद्याला अडकवली आणि बस पकडली.

चार दिवसांपूर्वी तारावहिनींचा फोन आला होता. हिराजी म्हणजे माझा तुर्भ्याच्या कारखान्यातला जोडीदार, वहिनी त्याची बायको. हिराजी जाऊन चार वर्षं झाली. "भावजी, वीस वरसं भरली," त्या म्हणाल्या. "त्या तीन बाटल्या तशाच हायेत. तुमी या नि एक खोला. खराब झाल्या असतील तर तसं सांगा. पोरगा म्हनतो, खोली मोबाईलवाल्याला भाड्यानं देऊ."

ती खोली राहणार की जाणार, हे एका घोटावर आणि माझ्या जिभेवर ठरणार होतं. घाट उतरेपर्यंत मला त्याचंच ओझं वाटत होतं.

बाटल्यांची गोष्ट अशी. हिराजी आणि मी दोघेही फिटर. कंपनीने इटलीहून पॅकिंगचं मशीन मागवलं आणि ते शिकायला आम्हाला तीन महिने पिएमोंते प्रांतातल्या एका गावी धाडलं. तिथल्या म्हाताऱ्या फोरमनच्या घराखाली कान्तीना (दारू मुरवायचं तळघर) होतं. निघताना त्याने आम्हाला बारोलोच्या, म्हणजे तिकडच्या नामांकित लाल वाइनच्या, तीन बाटल्या दिल्या. दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडून दाखवली, म्हणजे वीस वर्षं. मग बाटली आडवी ठेवून तिच्यावर तान्ह्या पोराच्या अंगावर ठेवावा तसा तळहात ठेवला. आडवी ठेवा, अंधारात ठेवा, थंड ठेवा आणि हलवू नका, एवढं त्याने खुणांनी सांगितलं.

मी हसून सोडून दिलं. हिराजी मात्र त्यात पुरता बुडाला. विमानतळावरून येताना टॅक्सी गतिरोधकावर उडाली आणि माझ्या मांडीवरच्या बाटल्या खणकल्या, तर गडी तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वाशीला उतरलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. आधी तुर्भ्याचा कारखाना बघून घ्यावा म्हणून रिक्षा केली. बाजाराकडून आलेल्या ट्रकांची रांग तशीच होती, कांद्याचा वासही तसाच. कारखाना मात्र नव्हता. त्या जागी निळ्या पत्र्याचं भलंमोठं गोडाऊन.

"कुनाला भेटायचंय काका?" वॉचमनने विचारलं.

"इथं पूर्वी कंपनी होती. मी कामाला होतो."

"रोज एक जन येतो असा," तो म्हणाला आणि बसायला खुर्ची दिली. "फोटो काढायचा असेल तर काढा, पन आत नाय सोडनार."

फोटो कशाचा काढणार? आमचं मशीन होतं त्या जागी चपलांचे खोके रचलेले लांबून दिसत होते. तिथेच डबा खाताना हिराजी मला द्राक्षाची साल, गाळ, बूच असलं काहीबाही शिकवायचा. मला भडभडून आलं. वॉचमनचं पाणी प्यायलो आणि उठलो.

ऐरोलीला दिवा गावात शिरताना रिक्षावाला दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा मी चुकवला. गाव तेच, पण घरांवर सहा-सहा मजले चढलेले. हिराजीला साडेबारा टक्क्यांत (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात) प्लॉट मिळाला, तेव्हा त्याच्या भावकीने मोठ्या गाड्या घेतल्या. याने इमारतीच्या तळमजल्यावर बिनखिडकीची खोली बांधली, भंगारातल्या अँगलची मांडणी वेल्डिंग केली, एसी बसवला आणि जहाजावर नोकरीला असलेल्या पाहुण्यांकडून एकेक इटालियन बाटली मागवत गेला. गावात त्या खोलीला 'हिराजीची थंडीची खोली' म्हणतात.

वहिनी ओट्यावरच बसल्या होत्या. "आलाव का भावजी? किती बारीक झालाव!" पाठोपाठ ताट आलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) तिखट कालवण. गुळाचा खडा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "तो असता तर आख्खी ढेप संपवली असती."

जेवण झाल्यावर खोली उघडली. आत गारवा आणि ओल्या गोणपाटाचा वास. साठ-सत्तर बाटल्या आडव्या झोपलेल्या, एकीवरही धुळीचा कण नाही. दारामागे हिराजीच्या अक्षरात कागद होता, 'चौदाच्या वर जाऊ देऊ नये.'

"एक दिवस एसी बंद नाय ठेवला," वहिनी म्हणाल्या. "नि दर शनवारी सगल्या हलवते."

"काय करता?"

त्यांनी एक बाटली उचलली, दोन्ही हातांत धरली आणि चांगली तीन वेळा खालीवर घुसळली. "अशी. लोनच्याची बरनी हलवतो तशी. नाय हलवली तर बुरशी धरते ना!"

जुन्या लाल वाइनमध्ये गाळ धरतो. तो तळाशी निवांत बसायला हवा, म्हणून तर बाटली वर्षानुवर्षं हलवायची नाही. आणि ही माउली चार वर्षं दर शनिवारी घुसळत होती! सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तो होता तवापासून मीच हलवते. त्याला कुठं ठावं होतं मुरवायचं? लोनची मी घालायची."

"हिराजीसमोर?"

"मंग! दारात उभा राहून बगायचा नि हसायचा. एकदा बोलला, तारे, तुझ्याच हातानं मुरते गं ही."

मी तोंड मिटलं. एका खणखणाटावरून माझ्याशी तीन दिवस अबोला धरणारा माणूस याच दारात हसत उभा राहिला होता.

फोरमनची एक बाटली संध्याकाळपर्यंत ओट्यावर उभी करून ठेवली. उघडताना बूच अर्ध्यात तुटलं आणि त्याचा चुरा आत पडला. वहिनींनी चक्का बांधायचं मलमलचं फडकं आणलं. त्यातून गाळली, तर फडक्यावर विटकरी चिखल.

"भावजी, हा गाल कसला? माज्याकडून काय चुकलं नाय ना?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी पहिला घोट घेतला. जिभेवर भुकटी आली, वर कडवटपणा. "जुन्या दारूत गाळ असतोच," मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. "जरा वारा लागू द्या."

वहिनींनी एक पेला हिराजीच्या फोटोपुढे ठेवला आणि आम्ही गप्पा मारत बसलो. तासाभराने मी दुसरा घोट घेतला. आता सुकलेल्या गुलाबाचा वास होता, थोडा डांबराचाही. म्हाताऱ्याच्या कान्तीनामधली ती संध्याकाळ, हिराजीचं मोडकंतोडकं 'ग्रात्सिए' (आभार), सगळं घशातून खाली उतरलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही.

"चांगली आहे वहिनी. खूप चांगली आहे."

त्यांनी बोट बुडवून चाटलं. "कडू हाय," त्या म्हणाल्या. मग आत वळून पोराला हाक मारली, "ऐकलंस का? मोबाईलवाल्याला सांग, खोली नाय मिलनार."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी फोरमनची दुसरी बाटली टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली. "ही तुमची. तिसरी त्याची, ती इथंच राहूदे." परतीच्या वाटेवर प्रत्येक गतिरोधकाला मी ती छातीशी धरली. शेजारच्याने विचारलं, "औषध आहे का?" मी हो म्हटलं. बाटली सांभाळणं मला हिराजीने शिकवलं होतं. ती कुणाच्या हातात बिनघोर सोडावी, हे मात्र तो मला न सांगताच गेला होता.

कोल्हापुरात कपाटाच्या तळाशी, साड्यांमागे तिला जागा मिळाली. शनिवारी सकाळी फोन आला, "भावजी, हलवली का?"

"हलवतो," म्हणून मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. हलवायची नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. हिराजीलाही ठाऊक होतं. मी बाटली उचलली, दोन्ही हातांत धरली, तीनदा खालीवर केली आणि परत आडवी निजवली.