पाठीवरची धडधड

माझ्या धाकट्या भावाला आमच्या घरात लपवून ठेवायचे, आणि निमित्त माझ्या लग्नाचं असायचं. याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे. तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. सोलापुरात आमचं चादरींचं दुकान, दुकानामागं घर, घरावर माडी. भावाच्या पोटऱ्या लहानपणापासून टणक, फुगलेल्या. सगळे म्हणायचे, पैलवान होणार. कसला पैलवान? आधी पायऱ्यांवर धडपडायला लागला, मग मांड्यांवर हात रोवून उठायला लागला, आणि एकदा बसला तो बसलाच. स्नायूंचा आजार. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेव्हाच अप्पांना, म्हणजे आमच्या वडलांना, बजावलं होतं. "हृदय हाही स्नायूच आहे. दम लागला की आणू म्हणाल, तर याला दम लागणारच नाही, पोरगं बसून असतं. काही दिसत नसलं तरी अधूनमधून छातीचा आलेख काढून न्या." मी तिथंच उभी होते. त्याला पाठुंगळी घेऊन नेणारी-आणणारी मीच.

अप्पांनी मान डोलावली. पण घरात शब्द चालायचा आत्याचा. ही अप्पांची थोरली बहीण, मैंदर्गीला दिलेली, पण मुक्काम कायम आमच्याकडं. ती म्हणाली, "पोरगी लग्नाची हाय. सारखं दवाखान्यात न्यायला लागलास तर गावभर व्हईल, घरात रोग हाय म्हणून. हिला उजवू दे, मग दाव की डाक्टरला." अव्वा, आमची आई, गप्प. ती मनातलं बोलायची ते फक्त देवाशी, आणि तेही कानडीत.

मग पाहुणे यायला लागले. पाहुणे यायच्या आधी भावाला माडीवर नेऊन बसवायचं, आणि कुणी विचारलंच तर सांगायचं, मुलगा मामाकडं शिकायला असतो. एकाला मी काळी वाटले, एकाला उंच. दरेक नकाराबरोबर त्याचा दवाखाना पुढं ढकलला जायचा. माझं लग्न म्हणजे काही तुळशीचं लग्न नव्हतं, कार्तिकात हमखास लागायला.

असंच एका दुपारी त्याला माडीवर नेत होते. अर्ध्या जिन्यात माझ्या पाठीत काहीतरी ठोकायला लागलं. चढत होते मी, ओझं माझ्या अंगावर, आणि छाती धडधडत होती त्याची. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझा श्वास खाली बसला, त्याची धडधड काही बसेना.

"काय होतंय रे?"

"काही नाही अक्का. भूकच नाही."

तो बरेच दिवस अर्धी भाकरी ताटात ठेवत होता, पोट दुखतं म्हणत होता. शेंगाची चटणी असली तरी. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो.

अप्पांना सांगितलं. "उन्हाळा हाय," म्हणाले आणि गिऱ्हाईकाकडं वळले. आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "बसून खातंय, त्येला कशाची धडधड?" हीच आत्या माडी चढून आली की धापा टाकायची. मग एकीनं वारा घालायचा, एकीनं तांब्या द्यायचा. तांब्या देणारी मी. "टेंभुर्णीचं पाव्हणं येणार हायत. लई चांगलं स्थळ हाय. तेवढं होऊ दे," ती म्हणाली.

टेंभुर्णीचे पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या काकांनी विचारलं, "भावंडं किती?" अप्पा म्हणाले, "एक भाऊ हाय हिला, मामाकडं..."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. माडीवर गेले, भावाला पाठीवर घेतलं आणि खाली आणून पाहुण्यांसमोर सतरंजीवर बसवलं.

"हा माझा भाऊ. मामाकडं नसतो, माडीवर असतो. याचे पाय गेलेत, आणि आता छातीही ठीक नाही, ते मला पाठीवर कळतं. डॉक्टर म्हणाले दाखवा, पण माझं ठरेपर्यंत हे लोक थांबलेत. आता तुम्हाला कळलं. आता थांबायचं काही कारण नाही."

पाहुणे सभ्य होते. चहा संपवून उठले आणि "कळवतो" म्हणाले. याचा अर्थ आमच्याकडं पोराटोरालाही समजतो. आत्या मला म्हणाली, "जिबेनं संसार खाल्लास गं." मी म्हटलं, "व्हय, खाल्ला." वर नेताना भाऊ कानाशी म्हणाला, "अक्का, तुझं मोडलं की." "मोडू दे. तू गप बस," मी म्हटलं. त्याची छाती तशीच ठोकत होती.

सकाळी अप्पा टांगा घेऊन आले. लपवायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी छातीला तारा लावून आलेख काढला. हृदय थकायला लागलंय म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं. आणि अप्पांना म्हणाले, "वेळेत आणलंत. लोक पोरगं निपचित पडल्यावर आणतात."

"आमचं लक्ष असतं की," अप्पा म्हणाले.

परत निघताना भाऊ माझ्या पाठीवर हसला. आवाज नव्हता, पण पाठीला कळलं.

गोळ्यांनी धडधड खाली आली. तो पुरी भाकरी खायला लागला आणि अळणी चटणीवरून रोज माझ्याशी भांडायला लागला. मला ते भांडण फार आवडायचं. आजार बरा होणारा नव्हता, झालाही नाही. पण ती मधली वर्षं मी भांडून मिळवली होती, अप्पांच्या लक्ष देण्यानं नाही.

तो गेला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी माडीवर त्याचं अंथरूण आवरत होते, तर आत्या जिना चढून आली. "आता तुजं बगाया पायजे," ती म्हणाली. "आता काय अडचण न्हाय."

तिला धाप लागली होती. भिंतीला टेकून, छातीवर हात ठेवून तिनं पाणी मागितलं. तांब्या माझ्या हाताशीच होता. मी त्याच्या चादरीची घडी घालत राहिले.