मामाने दिव्यांना शिवलेल्या खोळी

माझ्या मामाला उघडी वस्तू बघवत नाही. घरात मांजर फिरत असताना दूध उघडं दिसावं तसा तो अस्वस्थ होतो. गाड्यांची सीट-कव्हरं, सोफ्यांच्या खोळी, टेम्पोच्या ताडपत्र्या शिवण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि धंद्याची खोड घरात शिरली ती कायमची. मिक्सरला झालरीचा फ्रॉक आहे. टीव्हीच्या रिमोटला अंगरखा आहे. शिलाई मशीनला खोळ आहे आणि त्या खोळीवर धूळ बसू नये म्हणून वर जुनी चादर आहे. मामी म्हणते, "मी जरा वेळ एका जागी बसले ना, तर मलाही शिवून टाकतील."

पण मामी एका जागी बसणारी नव्हेच. ती लॉन्ड्रीत काउंटरवर असते. अर्धं गाव ती शर्टाच्या कॉलरवरून ओळखते. कुणाचं लग्न ठरलं, कुणी सिगारेट सोडल्याच्या थापा मारतं, सगळं तिला कपडे सांगतात. संध्याकाळी घरी आली की दिवसभराच्या बातम्या ती हावभावांसकट ऐकवते, आणि मामा मशीन थांबवून ऐकतो. एरवी मशीन कुणासाठी थांबत नाही.

अडचण एवढीच, की हल्ली मामीला तिन्हीसांजेला नीट दिसत नाही. उजेडात ठीक, अगदी सुईत दोरा ओवते, पण अंधारून आलं की पायाखालची जमीन तिला सपाट वाटते. फाटकापासून दारापर्यंत मामाने स्वतः बसवलेली फरशी आहे आणि ती, भाची म्हणून सांगते, अजिबात सपाट नाही. एका संध्याकाळी मामी अडखळली, गुडघा सोलवटला. बातमी दादाला, म्हणजे त्यांच्या मुलाला, कळली. तो दुसऱ्या गावी असतो आणि फोनवरून घर चालवतो.

"आई, आता पुरे झाली नोकरी," दादाने निकाल दिला. "पुन्हा एकदा पडलीस तर मी स्वतः येऊन लॉन्ड्रीत सांगणार."

त्या दिवशी मामीने एकही बातमी सांगितली नाही. मला दादाचा राग आला. उंटावर बसून शेळ्या हाकायला काय जातं! अंगणात अंधार आहे तर अंगणात दिवे लावावेत, माणसाला का विझवायचं?

मग दिवे कुठले, यावरून आमच्याकडे जे काही झालं ते विचारू नका. ओळखीच्या वायरमनला बोलावलं. तो विजेच्या बाजूचा.

"ताई, विजेचा दिवा म्हणजे बटण दाबलं की लख्ख. तुमचे ते सोलर दोन दिवस ढग आले की मान टाकतात," तो म्हणाला. "फक्त दारापासून फाटकापर्यंत चर खणायचा, पाइपातून केबल न्यायची. फरशी उखडावी लागेल."

घोडं पेंड खायचं ते इथंच. फरशी उखडायची म्हटल्यावर मामाचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याच्याच पाठीत चर खणणार आहे.

"फरशीला हात लावायचा नाही," मामा म्हणाला.

"अरे मामा, त्या फरशीमुळेच तर मामी पडली!"

"फरशीमुळे नाही, अंधारामुळे. वटवटे, तू सोलरचं काय ते सांग."

वटवटे म्हणजे मी. मी सांगितलं: वायर नको, खणणं नको, जमिनीत खुंटी रोवली की झालं. अंधार पडला की आपोआप लागतात. उजेड मंद असतो, पण वाट दाखवायला पुरतो. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. झाडाच्या सावलीत मात्र चालत नाहीत. सुदैवाने मामाच्या अंगणातलं एकुलतं एक झाड मागच्या कोपऱ्यात होतं, आणि वाटेवर दिवसभर ऊन.

दुकानात मामाने दिवा हातात घेऊन कापड पारखावं तसा उलटासुलटा केला. वरच्या काळ्या काचेवर अंगठा फिरवला. "नाजूक आहे," एवढंच पुटपुटला. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. शेवटी तोडगा असा निघाला, की दाराच्या पायऱ्यांवर विजेचा दिवा, कारण तिथे व्हरांड्यातून वायर सहज येत होती, आणि वाटेच्या कडेने सोलर. वायरमन जाताना म्हणाला, "बघा, मी सांगितलं होतं असं पुढे मला म्हणावं लागू नये."

पहिल्या संध्याकाळी मामी फाटकातून आत आली आणि हरखून उभीच राहिली. "अगं बाई, मी पाहुणी आहे की काय आज?" म्हणत ती सावकाश, एकेका दिव्याशी थांबत दारापर्यंत आली. रात्री जेवताना लॉन्ड्रीतल्या दोन दिवसांच्या बातम्या एकदम झाल्या. मला वाटलं, जिंकलो.

आठवडाभरात दिवे मलूल झाले. मग काजव्याएवढे. मग तेवढेही नाहीत. आकाशात औषधालाही ढग नव्हता. वायरमनने जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. दादाला कुठून कळलं देव जाणे. रविवारी येतो म्हणाला, लॉन्ड्रीच्या मालकाशी बोलूनच टाकू म्हणाला.

मला राहवेना. शनिवारी दुपारी कामावरून परस्पर मामाकडे गेले. मामी लॉन्ड्रीत, मामा मशीनवर. फाटक उघडून बघते तर वाटेच्या कडेने सगळे दिवे निळ्या टोप्या घालून ओळीने उभे! चांगल्या जाड ताडपत्रीच्या टोप्या, खाली नाडी, नाडीला मामाची ती खास दुहेरी गाठ. मी एक टोपी वर उचलली. भर दुपारी आतला दिवा क्षीणपणे जळत होता. टोपी घातल्यावर त्या बिचाऱ्याला वाटणारच की रात्र झाली.

"मामा!" मी ओरडले. "हे काय करून ठेवलंयस?"

मामा बाहेर आला. चेहऱ्यावर अभिमान. "सकाळी मामी गेली की घालतो, ती यायच्या आधी काढतो. ऊन, धूळ, चिमण्या, काही लागू देत नाही. एवढं जपूनही बघ, मालच खराब निघाला."

हसावं की रडावं कळेना. आधी हसले. मग त्याला सांगितलं, की मामा, ऊन हेच त्यांचं जेवण आहे, तू त्यांना रोज उपाशी ठेवतोयस. मामा खाली बसला. टोपी हातात घेऊन तिची शिवण चाचपू लागला.

"म्हणजे तिची नोकरी मीच घालवत होतो," तो म्हणाला.

त्याचा आवाज ऐकून माझं हसू पळालं. दोघांनी मिळून सगळ्या टोप्या काढल्या. आजची वीज जळून गेली ती गेली, पण उद्या दिवसभराचं ऊन होतं. टोप्यांचा किस्सा संध्याकाळी मामीला मीच सांगितला.

रविवारी दादा मुद्दाम संध्याकाळी आला, आईला अंधारात चाचपडताना बघायला. लॉन्ड्रीला रविवारची सुट्टी, म्हणून मामी शेजारी जाऊन मुद्दाम उशिराने परतली. फाटकापासून दारापर्यंत ती न थांबता चालत आली आणि वर दादालाच म्हणाली, "चपला पायरीवर काढू नकोस रे, कुणीतरी पडेल." लॉन्ड्रीच्या मालकाचा विषय दादाने काढलाच नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या महिन्यात एका दिवशी ऊन कलताना मी गेले, तर सगळे दिवे उघडेबोडके ऊन खात होते आणि फाटकाजवळचा पहिला दिवा तेवढा निळी टोपी घालून उभा. मी तणतणत मामापुढे गेले. "पालथ्या घड्यावर पाणी! पुन्हा टोपी?"

"हळू बोल," मामा म्हणाला. "गाठ बघ."

बघितली. साधी एकेरी गाठ, मामाची नव्हे.

मग त्याने खाली मान घालून सांगितलं. दिवे मलूल झाले होते त्या दिवसांत तो रोज टॉर्च घेऊन फाटकात उभा राहायचा. फाटकाला तेल घालतोय असं दाखवायचा. तेल घालून घालून ते फाटक इतकं गुळगुळीत झालं होतं की वाऱ्यानेही उघडायचं. मामी आली की टॉर्चच्या उजेडात दोघं दारापर्यंत येत, आणि बातम्या वाटेतच सुरू होत. दिवे नीट लागायला लागल्यावर मामा आपला मशीनवर बसून राहिला.

"चार दिवस तशीच एकटी आत आली. पाचव्या दिवशी ही टोपी."

"तू काही विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? ती सकाळी घालते, मी संध्याकाळी काढून फाटकाच्या कडीला अडकवतो, टॉर्च घेऊन उभा राहतो. ती म्हणते, हा एक दिवा मेला वाईटच निघाला. मी म्हणतो, हो ना." मामाने घड्याळाकडे बघितलं आणि मशीनवर खोळ चढवली. "आणि तू मामीसमोर तोंड उघडायचं नाहीस, वटवटे."

मी वटवट करते हे खरं, पण मामीला अजून ताकास तूर लागू दिलेली नाही. मामा तेलाची बाटली घेऊन फाटकाकडे निघाला होता.