पिल्लांच्या पायाखालची ऊब

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी काही सांगितलं की घरचे निमूट ऐकतात. याचं मला बरं वाटतं, आणि थोडी भीतीही वाटते.

आमचं गाव खेडजवळ. आई तिथे कोंबड्या पाळते. पावसाळ्यात लहान पिल्लं गारठून मरायची. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी सरांना घाबरतच विचारलं, शेडच्या जमिनीत पाइप घालून कोमट पाणी फिरवलं तर? सर हो म्हणाले आणि कॉलेजातला जुना हीट पंप मिळवून दिला. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणून वीज कमी लागते. भिंतीवर स्मार्ट थर्मोस्टॅटची डबी बसवायची. ती शेडमधली ऊब मोजून पंप चालू-बंद करणार, आणि रत्नागिरीच्या वसतिगृहात माझ्या मोबाइलवर आकडा दाखवणार.

बाबा मुंबईला नोकरीला. फोनवर म्हणाले, "कॉलेजात आता कोंबड्यांना गाद्या घालायला शिकवतात काय?" पण रजा काढून आले, पाइप अंथरले आणि त्यावर कोबाही स्वतःच केला.

श्रावणात आईने साठ पिल्लं आणली. तिसऱ्या सकाळी तिचा फोन आला. दोन पिल्लं मेली होती.

"बाय, रात्री सगळी एकमेकांवर चढून बसतात गो. थंडी वाजते त्यांना."

मी मोबाइल बघितला. रात्रभर तेहेतीस अंशांच्या वरच. मी तिला समजावून सांगितलं की एवढी ऊब पुरेशी आहे, पिल्लं नवीन आहेत, रुळतील. ती "बरं" म्हणाली.

त्यानंतर तिने पिल्लांचा विषयच काढला नाही. आकडा रोज तेहेतीसच्या वरच होता, पण तिचं गप्प राहणं मला टोचत होतं. शनिवारी मी एसटी पकडली.

दुपारी शेडमध्ये सगळं ठीक दिसलं. जमीन कोमट, पिल्लं सगळीकडे पांगलेली. मी बरोबर होते असं वाटून मला चक्क हायसं झालं. मग तिन्हीसांजा झाल्या आणि आई दिवा घेऊन आली. डबीला हळदीकुंकू लावलेलं मी आधीच पाहिलं होतं. डबीच्या खाली तिने एक फळी ठोकली होती. त्या फळीवर तिने दिवा ठेवला आणि रात्रभर पुरेल एवढं तेल घातलं.

थोड्या वेळाने मी डबीला हात लावला. दिव्याच्या धगीने ती चांगलीच गरम झाली होती. सगळं शेडच तापलंय असं समजून डबीने पंप बंद केला होता. रोज रात्री हेच होत असणार.

आईला कसं सांगावं कळेना. शेवटी विचारलं, "दिवा पिल्लांसाठी लावतेस ना?"

"मग कोणासाठी?"

मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच गारठवली त्यांना?"

"नाही. तू मला सांगितलं होतंस. मी आकडा बघितला, पिल्लं नाही बघितली."

तिने फळी काढली आणि समोरच्या भिंतीला ठोकली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, इतक्या गार रात्री गेल्या, मग बाकीची अठ्ठावन्न पिल्लं जगली कशी? विचारलं, तर ती आधी टाळू लागली. मग म्हणाली, त्या फोननंतर रोज जेवणं झाली की ती पिल्लांना टोपल्यांत भरून चुलीजवळ नेऊन ठेवायची आणि उजाडलं की परत शेडमध्ये सोडायची.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझा अभ्यास ना तो. आईचा विश्वास नाही असं वाटलं असतं तुला."

तिने माझा शब्दही मोडला नव्हता आणि बाकीची पिल्लंही मरू दिली नव्हती.

पंप सुरू झाला होता, पण कोबा तापायला वेळ लागतो. जेवणाची ताटं घेऊन आम्ही शेडच्या दारातच बसलो. पिल्लं कोपऱ्यात ढीग करून बसली होती. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग कडेची दोन-तीन सुटी झाली, मग आणखी काही, आणि आमचे हात धुऊन होईपर्यंत ती जमिनीवर विखरून, पंख सैल सोडून पडली होती. मोबाइल माझ्या पिशवीतच होता. मी आईला विचारलं, "आता पुरे झाली ना ऊब?"

तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "आता झाली."