गिरणीचा स्टॉप

कंडक्टरच्या तोंडाचा पट्टा सगळ्या डेपोत प्रसिद्ध होता. बस फुकट, तिकीट ऐकण्याचं, असं ड्रायव्हर म्हणायचा. मग अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ तेवढी रुसून बसली. पाणी हवं असलं की तोंडातून ‘खिडकी’ निघे, आणि चुकलं हे त्यालाच आधी कळे. घराबाहेर पाऊल टाकायचीसुद्धा त्याला धास्ती वाटू लागली.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्याला जुन्या मार्गाचे स्टॉप म्हणायला लावले, मांडीवर थाप देत, चालीत. डेपो, शाळा, मंडई, पूल, गिरणी, टाकी, स्मशान. घडाघडा आले! पण मधलंच एक म्हणा म्हटलं, की दातखीळ. घर गिरणीच्या स्टॉपवर, तरी सुटी ‘गिरणी’ काही निघेना. ‘येईल हळूहळू,’ बाई म्हणाल्या. बायको शेजारून शब्द पुरवायची, तिला त्यांनी दटावलं.

त्या दुपारी बायको स्वयंपाकघरात धाडकन कोसळली. डोळे पांढरे झाले. हाक मारायला शब्द नाही, शेजारी कामावर गेलेले. कंडक्टरने फोन लावला.

‘ॲम्ब्युलन्स. गाडी कुठे पाठवू?’ एक मुलगी बोलत होती.

‘डेपो, शाळा, मंडई, पूल, गिरणी, टाकी, स्मशान.’

‘अहो, नक्की कुठे?’

पुन्हा तेच. जीभ उतारावरच्या गाडीसारखी थेट स्मशानात गेली.

‘काका, चेष्टा करताय का? लाइन अडवू नका.’

आता ती मुलगी फोन ठेवणार, आणि बायको इथे जाणार. त्याने मांडीवर थाप दिली. डेपो, शाळा, मंडई, पूल, गिरणी. तेवढ्यात त्याने मूठ तोंडात कोंबली आणि कचकन चावली. टाकी घशातच राहिली.

‘गिरणी? गिरणीच्या स्टॉपजवळ?’

‘हं! हं!’

‘गाडी निघाली. रस्त्यावरून दिसेल असं दार उघडून ठेवा. पेशंट कोण आहे?’

त्याने दार सताड उघडलं. तोंड उघडलं, पण शब्द येईना. सगळ्या मार्गावर त्या नावाचा स्टॉप नव्हता, आणि शब्द पुरवणारी फरशीवर पडली होती.

‘माझी,’ तो म्हणाला. पुढचं काही निघेना. ‘माझी. माझी.’

‘कळलं, काका,’ मुलगी म्हणाली. ‘मी फोन ठेवत नाही.’